परदेशातून घरचा संगणक चालवताना

घरचा संगणक परगावाहून कसा चालवायचा, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "कुठलं ॲप टाकू?" ॲपचं नाव मी अगदी शेवटी सांगते. आधी विचारते, तुमच्याकडे लाइट जाऊन परत आली तर संगणक आपला आपण सुरू होतो का? आणि तो खरंच लांबून चालवायची गरज आहे का? नुसत्या फायली हव्या असतील तर ड्राइव्हवर ठेवून काम भागतं. मग या खटाटोपात पडूच नये.

माझं तसं भागत नाही. मी रत्नागिरीत घरी बसून मराठी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करते. जुन्या पुस्तकांच्या फायली पेजमेकरमधल्या आहेत, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती आली २००१ साली. त्यातला मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला. दुसऱ्या संगणकावर तो उघडला की 'प्रस्तावना'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालतं आणि ते डोंगल माझ्या टेबलाखालच्या संगणकाला मागच्या बाजूने लावलेलं आहे. तेव्हा मला तोच संगणक लागतो. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जायचं ठरलं तेव्हा अंकांची कामं घेऊन झाली होती. अंकाची पानं लागतात ती ऐन पावसाळ्यात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो.

सोय करून द्यायला एक संगणकवाला आला. राउटरमध्ये शिरून त्याने ३३८९ हा पोर्ट माझ्या संगणकाकडे वळवला, विंडोजमधलं रिमोट डेस्कटॉप चालू केलं आणि म्हणाला, "ताई, आता जगात कुठूनही उघडा." मोबाइलवर उघडून दाखवलंही. थोड्या दिवसांनी व्हिडिओ कॉलवर जावयाने विचारलं, "आई, तो पोर्ट बाहेरून उघडा आहे का? जरा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिक्युरिटीत जा आणि ४६२५ शोधा." ४६२५ ही विंडोजची फसलेल्या लॉगिनची नोंद. यादी उघडली आणि संपेचना. कधी ॲडमिनिस्ट्रेटर, कधी ॲडमिन, कधी टेस्ट, कधी यूझर, कधी स्कॅनर अशा नावांनी कोणीतरी मिनिटामिनिटाला माझ्या संगणकात शिरू पाहत होतं, मी झोपेत असतानासुद्धा. माझं नाव त्यांच्या यादीत नव्हतं आणि पासवर्ड लांब होता, म्हणून कोणी आत आलं नव्हतं.

यात माझ्यावर कोणाचा डोळा होता असं मुळीच नाही. इंटरनेटवरचे चारशे कोटींहून जास्त पत्ते यंत्रं सतत चाचपत असतात, आणि ३३८९ उघडा दिसला की नाव-पासवर्ड लावून बघतात. पोर्टचा आकडा बदलला की त्रास थोडा कमी होतो, थांबत नाही. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी त्या प्रोग्रॅममध्येच भोक निघालं तर त्याचा उपयोग होत नाही. मे २०१९मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाची त्रुटी सापडली, तिला पासवर्ड लागतच नव्हता. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने २०१४ सालीच वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. आता विंडोज १०चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, आणि घरोघरी अजून तेच चालू आहे. माझ्या ओळखीच्या एका छापखान्याचा असाच उघडा ठेवलेला संगणक एका सकाळी खंडणीची चिठ्ठी दाखवत उभा होता. आतल्या सगळ्या फायली कुलूपबंद झालेल्या. बॅकअपची डिस्कही त्याच संगणकाला जोडलेली होती, तीही गेली. कोणी कितीही खात्रीने सांगो, घरच्या राउटरचा पोर्ट रिमोट डेस्कटॉपसाठी बाहेर उघडू देऊ नका. आधीच उघडून ठेवला असेल तर आज बंद करा.

माझा तो पोर्ट त्याच दिवशी बंद झाला. पुढे कळलं की तसाही तो फार दिवस चालला नसता, कारण आमच्या इंटरनेटवाल्याने सगळ्या जोडण्या सामायिक पत्त्यावर नेल्या. एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून दिला की बाहेरून येणाऱ्याला तुमचं घर सापडत नाही. तुमचं तसं आहे का, हे राउटरच्या पानावर दिसतं. तिथला वॅनचा आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही सामायिक पत्त्यावर आहात. मग पोर्ट वळवणं, डायनॅमिक डीएनएस वगैरे सगळं फुकट. स्वतंत्र पत्ता बहुधा जादा पैसे भरून मिळतो.

तेव्हा मार्ग असा हवा की घरचा संगणकच बाहेर जोडणी करेल आणि आपण तिथे जाऊन त्याला भेटू. याचे दोन प्रकार. एक, मधल्या कंपनीमार्फत पडदा दाखवणारे प्रोग्रॅम: क्रोम रिमोट डेस्कटॉप, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क. दुसरा, आपल्याच यंत्रांचं खासगी जाळं: वायरगार्ड, किंवा त्यावरच उभं असलेलं आणि लावायला कितीतरी सोपं असं टेलस्केल. सामायिक पत्त्यावरही टेलस्केल चालतं, राउटरला हात लावावा लागत नाही.

मी दोन्ही प्रकार ठेवले आहेत आणि इतरांनाही तेच सांगते. एकाच कंपनीवर विसंबू नये, कारण त्यांचे निर्णय आपल्याला विचारून होत नाहीत. लॉगमीइनने जानेवारी २०१४मध्ये आपली फुकट सेवा बंद केली, तेव्हा लोकांना जेमतेम आठवडा मिळाला. फेब्रुवारी २०२४मध्ये एनीडेस्कने आपल्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं आणि ग्राहकांचे पोर्टलचे पासवर्ड रद्द केले. टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क फुकट आहेत ते घरगुती वापरासाठी. पैसे घेऊन काम करणाऱ्याने अटी वाचाव्यात. माझं काम धंद्याचं आहे, म्हणून टेलस्केलचे मी पैसे भरते. परक्या देशात बसून खातं अडकण्यापेक्षा ते परवडलं.

आता डोंगलची गोष्ट, कारण ही कोणी आधी सांगत नाही. खासगी जाळ्यातून विंडोजचं रिमोट डेस्कटॉप सुरू केलं (त्यासाठी घरच्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम चालत नाही), सगळं झकास उघडलं, आणि अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर म्हणालं, डोंगल सापडत नाही. डोंगल जागेवरच होतं. रिमोट डेस्कटॉप तुमच्यासाठी वेगळं सत्र उघडतं आणि अशा सत्रात चालायचं नाही, असं काही डोंगलांचं ठरलेलं असतं. जीएसटी किंवा आयकर विवरणपत्रं भरणाऱ्यांचं डिजिटल सहीचं टोकनही असंच रुसतं: रिमोट डेस्कटॉप ते टोकन तुमच्या हातातल्या लॅपटॉपला शोधतं, घरच्या संगणकाला लावलेलं त्याला दिसत नाही. क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा एनीडेस्क घरच्या पडद्यावर जे आहे तेच दाखवतात, त्यामुळे संगणकाला वाटतं की माणूस समोरच बसला आहे. म्हणून पानं लावायला मी क्रोम वापरते. फायली नेणं-आणणं आणि बाकीची दुरुस्ती टेलस्केलवरून. क्रोमची अडचण एकच, आपण करतो ते घरच्या मॉनिटरवरही दिसतं. निघताना मॉनिटर बटणाने बंद करून ठेवावा.

टेलस्केलमध्ये दोन गोष्टी घर सोडायच्या आधी बघाव्या लागतात. विंडोजवर 'रन अनअटेंडेड' ही खूण लावली नाही, तर कोणी लॉगिन करेपर्यंत संगणक जाळ्यात येत नाही. आणि प्रत्येक यंत्राची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते. बाळंतपणाला गेलेली आई साधारण सहा महिने राहते, म्हणजे नेमकी शेवटच्या दिवसांत अडकायची. घरच्या संगणकापुरती ही मुदत काढून टाकता येते.

आणि वीज. संगणकाच्या बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो 'पॉवर ऑन'वर ठेवला की वीज आल्यावर संगणक उठतो. स्लीप पूर्ण बंद करावा. राउटर आणि फायबरच्या डबीला छोटा वेगळा यूपीएस द्यावा. हे सगळं केलेलं असूनही जुलैत एका सकाळी संगणक दिसेनासा झाला. कारण शोधायला वेळ लागला. वीज गेली, यूपीएसची बॅटरी उतरत आली, यूपीएसच्या प्रोग्रॅमने विंडोज व्यवस्थित बंद केलं. एवढ्यात वीज परत आली. यूपीएस मधे पूर्ण बंद पडलाच नाही, म्हणून वीज गेली होती हे बायोसला कळलंच नाही आणि संगणक गाढ झोपून राहिला. न्यू जर्सीतली रात्र म्हणजे रत्नागिरीतली सकाळ, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर. शेजारच्या वहिनींकडे किल्ली होती. फोनवर म्हटलं, "वहिनी, टेबलाखालच्या डब्याचं पुढचं गोल बटण एकदा दाबून सोडा, धरून ठेवू नका." त्या म्हणाल्या, "निळा दिवा लागला बघ," आणि दोन मिनिटांत माझी पानं समोर आली.

आता यूपीएस आणि संगणक यांच्यामध्ये एक स्मार्ट प्लग आहे. संगणक बंद आहे याची खात्री असेल तेव्हाच प्लग बंद करून चालू करायचा; चालू संगणकाचा प्लग ओढणं म्हणजे फायलींशी खेळ. तरीही किल्ली वहिनींकडे आहेच. ज्या माणसाकडे किल्ली असेल त्याला बटण, राउटर, यूपीएस एकदा समक्ष दाखवा.

लॉगिनसाठी दुहेरी पडताळणी हवीच, पण एसएमएसवर अवलंबून नको. भारतातलं सिम परदेशात रोमिंगशिवाय मुकं असतं, आणि नव्या देशातून लॉगिन आलं की गूगल हमखास खात्री मागतं. ऑथेंटिकेटर ॲप लावा, बॅकअप कोड कागदावर छापून पासपोर्टसोबत ठेवा, आणि जो लॅपटॉप नेणार त्यावर घरूनच एकदा लॉगिन करून घ्या.

सगळं जुळलं की चाचणी. घरच्याच वायफायवरून केलेली चाचणी काही सिद्ध करत नाही. संगणक रीस्टार्ट करा, त्यावर लॉगिन न करता तसाच सोडा, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि मग उघडून बघा. दोन्ही मार्गांनी. नंतर मेन स्विच बंद करून यूपीएस उतरू द्या, वीज द्या, परत बघा. निघायच्या आदल्या दिवशी हे करू नये. काही बिघडलं तर दुरुस्तीला सवड हवी.

आणखी एक, विशेषतः घरात एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी. हेच प्रोग्रॅम चोरही वापरतात. बँकेतून बोलतोय असं सांगून एनीडेस्क टाकायला लावणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना सावध केलं होतं. आपण होऊन फोन केलेल्या ओळखीच्या माणसाशिवाय कोणालाही एनीडेस्कमध्ये दिसणारा नऊ-दहा आकडी क्रमांक सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३०वर फोन करा.

परत आल्यावर टेलस्केलमधली यंत्रांची यादी आणि गूगल खात्यातली उपकरणं उघडा. प्रवासात लेकीचा, जावयाचा लॅपटॉप कधीतरी वापरलेला असतो. तो दोन्हीकडून काढून टाका.