टिंपनायटिस म्हणजे काय? पोटफुगीचा अर्थ समजून घेऊ

चिखलीच्या वस्त्यांमध्ये फिरताना आयाबहिणी आम्हाला दवाखान्याचा कागद दाखवून विचारतात, "ताई, हा टिंपनायटिस कसला आजार?" ग्रीक भाषेत टिंपनॉन म्हणजे ढोल. आतड्यांत वायू साठून पोट ढोलासारखे ताणले जाते, त्याला हा शब्द वापरतात. आपण "पोटाचा नगारा झाला" म्हणतो, तेच हे. आयुर्वेदात याला आध्मान म्हणतात.

पण हे आजाराचे नाव नाही, लक्षणाचे आहे. ताप आला की तो कशाचा हे शोधावे लागते, तसेच पोट कशाने फुगले हे शोधावे लागते.

डॉक्टर पोटावर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकतात. वायू असेल तर पोकळ आवाज येतो, पाणी असेल तर बद्द. पोटात पाणी साठणे म्हणजे जलोदर. बोटांनी ठोकून तपासण्याची ही रीत व्हिएन्नाचे डॉक्टर औएनब्रुगर यांनी 1761 मध्ये छातीच्या तपासणीसाठी मांडली.

बहुतेक वेळा कारण साधे असते. कंपनीची बस गाठायची म्हणून घाईत जेवलो की घासाबरोबर हवा गिळली जाते. हरभरा, राजमा, कोबी यांपासून आतड्यातले जंतू वायू तयार करतात. काहींना दूध पचत नाही, काहींना बद्धकोष्ठ असते. सावकाश जेवा, जेवल्यावर थोडे चाला. कडधान्य भिजवून ते पाणी टाका, पण डाळ-उसळ बंद करू नका, ताकद त्यातच आहे.

मात्र पुढील खुणा दिसल्या तर घरी थांबू नका:
- पोट फुगले, शौच आणि वायू दोन्ही बंद, उलट्या सुरू. आतडे अडकलेले असू शकते. जुलाबाचे औषध किंवा एरंडेल देऊ नका, पोट चोळू नका.
- पोट कडक, ताप, असह्य वेदना, किंवा शौचातून रक्त.
- तान्ह्या बाळाचे पोट फुगून हिरवी उलटी.
- दोन-तीन आठवडे रोज पोट फुगणे, थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे वाटणे. बाईचे वय पन्नाशीपुढे असेल तर अंडाशयाच्या कर्करोगाची तपासणी हवीच.
- "गॅस" वाटतो, पण छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो.

मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याने चटके देण्याची जुनी रीत आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलदरा तालुक्यात 22 दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याची बातमी आली. आपण विळा तापवत नाही, पण सोडा आणि गॅसच्या गोळीवर आठवडे काढतो. दोन्हीकडे कारण शोधायचे राहून जाते.

तातडीची वेळ आली तर 108 ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत आहे. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. तिथे डॉक्टरांना न लाजता विचारा, "पोट कशामुळे फुगले?" ते विचारणे आपला हक्क आहे.