तिसऱ्या वर्षी फिजिक्स चालतं का?

बी.एस्सी.ला प्रवेश घेताना कॉलेजच्या खिडकीवर सगळे फी विचारतात, हजेरी किती कडक आहे तेही विचारतात. बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातल्या मुलांनी त्यात आणखी एक प्रश्न घालावा: तिसऱ्या वर्षी फिजिक्स चालतं का? मी तो विचारला नव्हता, कारण असा प्रश्न असू शकतो हेच आमच्या सोनिवली गावात कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलेज छोटं, शेअर रिक्षा आणि दोन-तीन स्टेशनांच्या अंतरावर, आईच्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि नोटीस बोर्डावर कागद आला: पुरेसे विद्यार्थी नसल्याने टी.वाय.ला फिजिक्स नाही. केमिस्ट्री घ्या, नाहीतर दुसरीकडे बघा.

यात कॉलेजने काही डाव टाकला होता असं मला वाटत नाही. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत केमिकलच्या कंपन्या, त्यांच्या लॅबमध्ये बी.एस्सी. केमिस्ट्रीची मुलं लागतात. आमच्याकडे घरोघरी एक तरी 'क्यूसीवाला', म्हणजे क्वालिटी कंट्रोलमधला, असतो. माझे बाबाही म्हणाले, "केमिस्ट्री घे गं, नोकरीचं बघ." मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या पद्धतीत पहिल्या वर्षी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित असे तीन विषय आणि तिसऱ्या वर्षी मुख्य विषय एकच. त्यामुळे पहिल्या वर्षी फिजिक्सचा वर्ग भरलेला दिसतो. त्यातले बहुतेक पुढे केमिस्ट्रीला जाणारेच असतात.

मग धावपळ. एनओसी, टी.सी., मार्कशीटच्या झेरॉक्स. दुसरं कॉलेज आधी स्वतःची मुलं घेणार, उरलेल्या जागा आपल्याला. आणि आमच्याकडे प्रवेशाचे दिवस व उल्हास नदी चढण्याचे दिवस एकच. २०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली होती, ते आठवा, म्हणजे 'उद्या सही घ्यायला या' याचा अर्थ कळेल. ठाण्याच्या बाजूला एका कॉलेजात शेवटच्या यादीत नाव लागलं, म्हणून मी हे लिहिते आहे. माझ्याबरोबरची एक मुलगी केमिस्ट्रीत गेली. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आलं आहे. शब्द बदलले तरी प्रश्न तोच: फिजिक्स मेजर शेवटच्या वर्षापर्यंत मिळेल का, आणि गेल्या वर्षी शेवटच्या वर्गात किती मुलं होती? ऑफिसात उत्तर मिळालं नाही, तर वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा. ते खरं सांगतात.

एवढं असूनही छोटं कॉलेज नको, असं मी म्हणणार नाही. वर्गात मोजकी मुलं असली की स्पेक्ट्रोमीटर एकटीच्या हाती येतो. लॅबमधले काका प्रॅक्टिकल संपल्यावरही 'अजून एकदा घे' म्हणून सोडियम लॅम्प चालू ठेवायचे. तो तापायला काही मिनिटं लागतात आणि मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून, तरीही. नंतरच्या मोठ्या कॉलेजात आम्ही एका मायक्रोस्कोपवर चौघं होतो. तिथे रीडिंग एक जण घेतो आणि बाकीचे लिहितात.

रीडिंगचाच विषय निघाला आहे, तर थोडं थांबते. न्यूटन्स रिंग्जचं प्रॅक्टिकल प्रत्येकाने केलेलं असतं. सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी पुस्तकात ५८९३ अँगस्ट्रॉम, आणि वर्षानुवर्षं जर्नलांत उत्तर येतं ५८९३. आधी उत्तर, मग त्याला जुळणारी रीडिंग! लेन्सची वक्रता त्रिज्या १०० सेंटीमीटर धरा. दहाव्या काळ्या वलयाचा व्यास येतो सुमारे ४.८५ मिलिमीटर. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा लीस्ट काउंट ०.०१ मिलिमीटर. म्हणजे व्यासात निदान ०.२ टक्के अनिश्चितता. सूत्रात व्यासाचा वर्ग आहे, म्हणून तरंगलांबीत ती दुप्पट, ०.४ टक्के. हे झाले जवळजवळ २४ अँगस्ट्रॉम. शिवाय व्यास डाव्या-उजव्या दोन रीडिंगच्या वजाबाकीतून येतो आणि वलयाची कड काही धारदार नसते, तेव्हा प्रत्यक्षात याहून जास्तच. ५८६० किंवा ५९२० आलं तर ते चांगलं मापन आहे. सगळ्या वर्गाचं नेमकं ५८९३ आलं, तर वर्गाने मापन केलेलंच नाही. नव्या कॉलेजातल्या मॅडमनी याच कारणासाठी पूर्ण बॅचची जर्नलं परत केली होती. "एरर कुठे लिहिलाय?" एवढंच विचारलं. भाभा अणुसंशोधन केंद्र असो की टीआयएफआर, मुलाखतीत अशाच ठिकाणी बोट ठेवतात. प्रॅक्टिकलची नक्कल हा मार्कांचा किरकोळ प्रश्न आहे असं शिक्षकही मानतात, याचा मला राग येतो.

छोट्या कॉलेजात खरी उणीव असते ती बातमीची. मोठ्या कॉलेजात सीनियर कॅन्टीनमध्ये बोलता बोलता सांगून जातो, आपल्याकडे तो सीनियरच नसतो. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात बी.एस्सी.च्या मुलांसाठी एनआययूएस नावाचा कार्यक्रम २००४ पासून आहे. बदलापूरहून कुर्ल्याला उतरून हार्बर धरली की मानखुर्द. पण त्याचा अर्ज बी.एस्सी.च्या सुरुवातीलाच करायचा असतो, आणि मला त्याचं नाव कळलं तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते. इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही शिक्षकांची संघटना बी.एस्सी.साठी एनजीपीई ही देशव्यापी परीक्षा घेते. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असते. तिच्या अर्जाला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, आणि इथे छोटं कॉलेज उपयोगी पडतं, कारण सर तुम्हाला नावाने ओळखतात. विचारायला लाजू नका. नौदलासाठी मटेरियल्सचं संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा, एनएमआरएल, तर अंबरनाथमध्येच आहे. तिच्यासमोरून जाणाऱ्या मुलांनाही आत काय चालतं ते माहीत नसतं.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. परीक्षेआधी बाजारात मिळणाऱ्या नोट्सवर पास होता येतं, मीही झाले. पण निदान विद्युतचुंबकत्वासाठी ग्रिफिथ्स घ्या आणि त्यातली गणितं सोडवा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर समीकरणं आधी वाचा, वाक्यं मागून कळतात. एनपीटीईएलवर व्ही. बालकृष्णन यांची व्याख्यानं फुकट आहेत. लोकलमध्ये ऐकू नका, वही घेऊन बसा. गणित हा विषय मात्र जितका लांबवर नेता येईल तितका न्या.

एम.एस्सी.ला आयआयटीत जायचं असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण, कॅल्क्युलेटर फक्त पडद्यावरचा. यांत्रिकी, लहरी, प्रकाशिकी, उष्मागतिकी, विद्युतचुंबकत्व, आधुनिक भौतिकी, थोडं इलेक्ट्रॉनिक्स असा अभ्यासक्रम, म्हणजे बराचसा पहिल्या दोन वर्षांतलाच. तिसऱ्या वर्षी कॉलेज बदलावं लागलं तरी त्यातलं काही वाया जात नाही. परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म मात्र सप्टेंबरच्या सुमारास निघतात आणि ऑक्टोबरात खिडकी बंद होते. गणपतीची आरास उतरवून झाली की तो भरून टाका, दिवाळीपर्यंत थांबू नका.