वाढतें शहर आणि जुनी विहीर

आमच्या मेढ्याजवळून वाहणारी वेण्णा नदी महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावते, मेढ्याच्या खालीं कण्हेरच्या धरणांत अडते आणि पुढें साताऱ्याजवळ माहुली येथें कृष्णेस मिळते. तीच कृष्णा मग कऱ्हाड व सांगली या शहरांवरून जाते. वरच्या गांवानें नदींत सोडलेलें पाणी अशा रीतीनें खालच्या गांवाच्या वांट्यास येतें. हें ध्यानांत ठेवून, शहर झपाट्यानें वाढूं लागलें म्हणजे त्याच्या पाण्याचें व आरोग्याचें काय होतें, याचा विचार या लेखांत करूं.

खेड्यांतील विहिरीचें पाणी पुष्कळदां चांगलें कां राहतें? पावसाचें पाणी माती व मुरूम यांच्या थरांतून झिरपत खालीं जातें. या वाटेंत गाळ मागें राहतो आणि पुष्कळसे रोगजंतूही अडकून पडतात किंवा मरतात. घरें थोडीं व विरळ असलीं तर घाणीचा भार जमीन सोसूं शकते. परंतु त्याच जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या म्हणजे शेंकडों कुटुंबांचा मैला शोषखड्ड्यांतून एकाच जमिनींत मुरूं लागतो. माती तीच, विहीरही तीच. पण भार मात्र या गाळणीच्या शक्तीपलीकडचा होतो. भुयारी गटारें व जलशुद्धीकरण केंद्रें बांधावयास वर्षें लागतात आणि इमारती त्याआधींच माणसांनीं भरून जातात. या मधल्या काळांतच रोगांचें फावतें.

लंडन शहराचें उदाहरण प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील वस्ती दुपटीहून अधिक झाली. मैल्याची व्यवस्था मात्र बहुतेक ठिकाणीं घरांखालच्या खड्ड्यांवरच राहिली. १८५४ सालीं सोहो भागांत पटकीची साथ उसळून सहाशेंच्या आसपास माणसें दगावलीं. डॉ. जॉन स्नो यांनीं घरोघर चौकशी करून दाखविलें कीं, मेलेल्यांपैकीं बहुतेक लोक ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाचें पाणी पीत असत. हें पाणी आवडतें म्हणून कांहीं मैल दूर राहणारी एक विधवा बाई तें मुद्दाम मागवीत असे. तीही त्याच रोगानें मेली. पुढें विहिरीलगतच्या मैल्याच्या खड्ड्यास गळती असल्याचें उघडकीस आलें. पाण्याची चव ही त्याच्या शुद्धतेची खूण नव्हे, हा त्यांतील धडा होय.

ही जुनी व परदेशची गोष्ट म्हणून सोडून देतां येणार नाहीं. पुण्याच्या नैर्ऋत्येस सिंहगडाच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी व खडकवासला हीं गांवें आहेत. २०२१ सालीं जीं २३ गांवें पुणें महानगरपालिकेंत घेण्यांत आलीं, त्यांत हींही होतीं. वस्ती वाढली, परंतु नांदेड येथील मोठ्या विहिरीचें पाणी शुद्धीकरण केंद्रांतून न जातां, नुसतें क्लोरीन मिसळून घरोघर जात होतें. जानेवारी २०२५ मध्यें याच भागांत गिलाँ-बारे या विकाराचे रुग्ण एकाएकीं वाढले. पुणें परिसरांतील संशयित रुग्णांची संख्या दोनशेंवर गेली व कित्येक मृत्यु पावले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नांवाचे जंतु व नोरोव्हायरस आढळले आणि दूषित पाण्याकडे संशय वळला. जंतूंशीं लढण्यास सिद्ध झालेली शरीराची संरक्षक शक्ति या विकारांत आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. हातपाय लुळे पडतात, केव्हां केव्हां श्वासही थांबूं लागतो. बहुतेक रोगी बरे होतात. पण त्यास कित्येकदां महिनोन् महिने लागतात. पुण्यास पाणी पुरविणारें खडकवासल्याचें धरण याच गांवांच्या शेजारीं आहे, हें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. पाणी जवळ होतें. तें गाळून शुद्ध करण्याची सोय मात्र वस्तीच्या मागें राहिली.

येथें कोणी विचारील कीं, क्लोरीन घातल्यावर भीति कसली? क्लोरीन फार उपयोगी आहे, यांत शंका नाहीं. परंतु पाणी गढूळ असेल तर जंतु गाळाच्या कणांआड लपतात आणि क्लोरीनचा पुष्कळ भाग त्या घाणींतच खर्च होतो. म्हणून पाणी आधीं निवळावें, मग गाळावें आणि शेवटीं त्यांत क्लोरीन घालावें, असा क्रम आहे. दुसरा धोका नळांचा. नळास दिवसांतून थोडाच वेळ पाणी येत असेल, तर रिकाम्या नळाच्या भेगेंतून शेजारच्या गटाराचें पाणी आंत शिरतें. कावीळ, विषमज्वर व हगवण यांस असा मार्ग सांपडतो.

मेढा हें जावळी तालुक्याचें मुख्य ठिकाण आहे व आतां येथें नगरपंचायत आहे. गांव वाढणारच आणि तें वाढावेंही. मात्र नवें घर बांधतांना त्याचें सांडपाणी कोठें जाणार, हा प्रश्न पाणी कोठून येणार या प्रश्नाइतकाच आधीं विचारला पाहिजे. विहिरीच्या वरच्या अंगास शोषखड्डा खणूं नये. पाण्याची परीक्षा वरचेवर करवावी. गढूळ पाणी आल्यास तें गाळून, उकळी येईपर्यंत तापवून मगच प्यावें. विद्यार्थिमित्रांनो, एवढें आपण आपापल्या घरीं सांगूं शकतों. वेण्णेच्या खालच्या अंगास राहणाऱ्या लोकांस आपण ओळखत नाहीं. पण आपण नदींत जें सोडूं तें त्यांच्यापर्यंत पोहोंचल्यावांचून राहणार नाहीं.