वीज कोसळावी तशी डोकेदुखी

कधीच डोके दुखले नाही असा माणूस विरळाच. उन्हातून आले, जागरण झाले, जेवणाची वेळ टळली की कपाळ ठणकू लागते. बाम चोळून किंवा एखादी गोळी घेऊन बहुतेकांचे भागते. परंतु एका प्रकारच्या डोकेदुखीत घरी निजून राहणे जिवावर बेतू शकते.

ही डोकेदुखी हळूहळू वाढत नाही. वीज कोसळावी तशी ती उठते आणि एका मिनिटाच्या आत शिगेला पोहोचते. मळमळ, उलटी होते, उजेड सहन होत नाही. ‘असे डोके जन्मात दुखले नव्हते,’ असे रुग्ण सांगतो.

असे का होते?

मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा फुटून रक्तस्राव होणे, हे याचे सर्वांत धोक्याचे कारण. दुसरे कारण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या अचानक आकसणे. या वाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. ते गरजेनुसार आकुंचन-प्रसरण पावतात. काही काळ हे नियंत्रण बिघडले, की वाहिन्या जागोजागी अरुंद होतात. तपासणीच्या चित्रात त्या ओवलेल्या मण्यांसारख्या दिसतात.

हा विकार २० ते ५० या वयात, विशेषतः स्त्रियांत अधिक आढळतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो होऊ शकतो. नाक मोकळे करणारी सर्दीची काही औषधे, अर्धशिशीवरील आणि नैराश्यावरील काही गोळ्या, तसेच गांजा यांमुळेही तो उद्भवतो. शौचास जोर करणे, जड वजन उचलणे, जोराचा खोकला, समागम किंवा स्नान एवढेही निमित्त पुरते.

ठणका ओसरला तरी

या दुखण्याची फसवी बाजू अशी, की काही मिनिटांत वा तासांत ते आपोआप ओसरते. रुग्णाला हायसे वाटते आणि तो कामाला लागतो. पण पुढील एक-दोन आठवड्यांत अशा कळा पुन्हा पुन्हा येतात. दरम्यान काहींना झटके येतात, दृष्टी अधू होते, रक्तस्राव वा पक्षाघात होतो. म्हणून पहिल्याच कळेला रुग्णालय गाठावे.

काय करावे?

१) रुग्णाला ताबडतोब सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

२) मनाने ॲस्पिरिन किंवा अर्धशिशीची गोळी देऊ नये. पहिलीने रक्तस्राव वाढू शकतो, दुसरीने वाहिन्या अधिक आकसू शकतात.

३) दुखणे किती वाजता व काय करताना उठले, हे डॉक्टरांना सांगावे. घेतलेली सर्व औषधे दाखवावीत. सर्दीची साधी गोळीही लपवू नये. चालू औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत.

४) पहिली तपासणी निर्दोष आली तरी कळ पुन्हा उठल्यास पुन्हा जावे. वाहिन्यांचे आकुंचन पहिल्या आठवड्यात कधी कधी दिसत नाही.

रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर विश्रांती, कारणीभूत औषध बंद करणे व रक्तदाबावर लक्ष ठेवणे, हे मुख्य उपचार. आकसलेल्या वाहिन्या बहुधा ३ महिन्यांत पूर्ववत होतात आणि बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

घरातील बाळंतीण ‘डोक्यात एकदम कळ आली’ म्हणाली, तर जागरणाने झाले असेल म्हणून तिला गप्प करू नका. तिला त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्या.