कोइरेंगेईची धावपट्टी : वेढ्यातील खोऱ्याची जीवनरेखा

मणिपूरची राजधानी इंफाळ हे शहर चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या एका सपाट, सुपीक खोऱ्यात वसले आहे. भातशेती आणि लोकटाक सरोवर यांसाठी हे खोरे प्रसिद्ध आहे. शहराच्या उत्तरेस, कोहिमाकडे जाणाऱ्या मार्गालगत, कोइरेंगेई येथे एक जुनी धावपट्टी आहे. येथून आता नागरी विमाने उडत नाहीत. तथापि सन १९४४ च्या उन्हाळ्यात या धावपट्टीवर आणि तिच्या पाच भगिनी-विमानतळांवर सुमारे दीड लाख माणसांचे जीवन अवलंबून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात रणांगणावरील पराक्रमाचे वर्णन पुष्कळ आढळते. त्या पराक्रमामागे उभ्या असलेल्या पुरवठ्याच्या व्यवस्थेचे महत्त्व जाणून घ्यायचे असेल, तर कोइरेंगेईचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे.

सहा विमानतळ, एक रस्ता

मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्याने रंगून जिंकले आणि ब्रह्मदेशातून निर्वासितांचे लोंढे डोंगर ओलांडून मणिपुरात येऊ लागले. १० मे १९४२ रोजी इंफाळवर पहिला बाँबहल्ला झाला. तोपर्यंत जगाच्या राजकारणापासून दूर असलेले हे छोटे संस्थान एकाएकी युद्धाच्या सीमेवर येऊन ठेपले. मणिपुरी लोक या कालखंडाला आजही ‘जपान लान’, म्हणजे जपानची लढाई, या नावाने ओळखतात.

इंफाळला आसामच्या लोहमार्गाशी जोडणारा मुख्य रस्ता दिमापूरहून कोहिमामार्गे येत असे. दोनशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा घाटरस्ता दरडींमुळे वारंवार बंद पडे. केवळ त्याच्या भरवशावर मोठे सैन्य पोसणे धोक्याचे होते. म्हणून खोऱ्यात सहा विमानतळ सिद्ध करण्यात आले. कोइरेंगेई (त्या वेळचे नाव ‘इंफाळ मेन’) आणि पालेल हे दोन बारमाही वापराचे होते. तुलिहाल, कांगला, वांगजिंग आणि सापाम हे चार कोरड्या हवामानात उपयोगी पडणारे होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळला दाखल झाली. तिच्या हरिकेन विमानांनी शत्रूच्या हालचालींची टेहळणी केली. याच कामगिरीबद्दल अर्जन सिंग यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक मिळाले. पुढे १९६४ ते १९६९ या काळात ते हवाई दलाचे प्रमुख होते.

वेढा

मार्च १९४४ मध्ये लेफ्टनंट जनरल रेन्या मुतागुची यांच्या जपानी पंधराव्या सेनेने चिंदविन नदी ओलांडली. तिच्या तीन डिव्हिजनांनी सुमारे तीन आठवड्यांचाच शिधा बरोबर घेतला होता. इंफाळ लवकर पडेल आणि तेथील कोठारे हाती लागतील, हा त्यांचा हिशेब होता. पुढील सर्व घटनांचे मर्म या हिशेबात आहे.

महाराष्ट्राशी निगडित असा एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. उखरुलच्या डोंगरांतील सांगशाक या नागा खेड्यात २० ते २६ मार्च या काळात पन्नासाव्या भारतीय छत्रीधारी ब्रिगेडने शत्रूला अडवून धरले. या ब्रिगेडच्या मदतीस पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. पाण्याचा तुटवडा होता. विमानांतून टाकलेल्या रसदीचा बराच भाग शत्रूच्या हद्दीत पडत होता. अखेर २६ तारखेच्या रात्री शिबंदीला माघार घ्यावी लागली. परंतु कोहिमाकडे निघालेल्या जपानी तुकड्यांचे सुमारे आठवडाभराचे बहुमोल दिवस सांगशाकने खाल्ले होते.

याच दिवसांत इंफाळच्या धावपट्ट्यांवर निराळीच धावपळ चालू होती. पाचवी भारतीय डिव्हिजन त्या वेळी आराकानच्या आघाडीवर लढत होती. १९ मार्चपासून तिला तोफा, जीपगाड्या आणि खेचरे यांसह विमानांनी उचलून आणण्यास प्रारंभ झाला. दोन ब्रिगेडी इंफाळला आणि एक ब्रिगेड दिमापूरच्या बाजूला उतरविण्यात आली. लढाईत गुंतलेली संपूर्ण डिव्हिजन एका आघाडीवरून उचलून हवाईमार्गे दुसऱ्या आघाडीवर नेण्याचा हा अपूर्व प्रयोग होता. मार्चअखेरीस कोहिमा रस्ता तोडला गेला आणि इंफाळ वेढ्यात सापडले.

रोजचे अडीचशे टन

वेढ्यात सापडलेल्या माणसांची संख्या सुमारे दीड लाख आणि जनावरांची सुमारे ११ हजार होती. तांदूळ, पीठ, साखर, चहा, औषधे, पेट्रोल, दारूगोळा आणि टपाल हे सर्व आता आकाशमार्गानेच यावयाचे होते. आसाम व पूर्व बंगालमधील तळांवरून डकोटा विमाने डोंगर ओलांडून येत, माल उतरवीत आणि परतताना जखमी सैनिकांना घेऊन जात. सैनिकांचा शिधा सुमारे एकतृतीयांशाने कमी करण्यात आला. लढाईत ज्यांचा उपयोग नव्हता अशा मजूर व अन्य लोकांना बाहेर हलविण्यात आले. खाणारी तोंडे कमी करणे हाही पुरवठ्याचाच एक भाग होता.

१८ एप्रिल ते ३० जून या ७४ दिवसांत सुमारे १८,८०० टन माल व १२ हजारांहून अधिक सैनिक विमानांनी इंफाळला आणले. याच काळात सुमारे १३ हजार जखमी व आजारी सैनिक आणि सुमारे ४३ हजार बिगरलढाऊ लोक बाहेर नेण्यात आले. या मालाची सरासरी काढल्यास दररोज सुमारे अडीचशे टन भरते. एका डकोटात अडीच ते तीन टन माल मावे. म्हणजे केवळ मालासाठी दिवसाला ऐंशी ते शंभर खेपा हव्या होत्या. पावसाळा सुरू झाल्यावर ढगांनी झाकलेल्या डोंगरांतून या खेपा करणे किती जिकिरीचे झाले असेल, याची कल्पना करता येईल. प्रत्येक खेपेमागे माल मोजणारा कारकून, पोती वाहणारा हमाल, इंजिन तपासणारा यांत्रिक आणि धावपट्टीवरील खड्डे बुजविणारा मजूर उभा होता.

शत्रूलाही या तळांचे मोल ठाऊक होते. खोऱ्याच्या ईशान्येस असलेला नुंगशिगुम हा डोंगर जपान्यांनी घेतला, तेव्हा धावपट्ट्या त्यांच्या नजरेखाली आल्या. १३ एप्रिल रोजी डोग्रा पायदळ आणि चढावर चढविलेले रणगाडे यांच्या साहाय्याने तो परत जिंकण्यात आला. या चढाईत आघाडीवरील ब्रिटिश अधिकारी एकामागून एक मारले गेले किंवा जखमी झाले. तेव्हा सुभेदार रणबीर सिंग आणि रणगाडा पथकाचे सार्जंट मेजर क्रॅडॉक यांनी सूत्रे हाती घेऊन चढाई तडीस नेली.

या लढाईत दोन्ही बाजूंना भारतीय होते, हेही विसरता येत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी कर्नल शौकत मलिक यांनी लोकटाक सरोवराजवळील मोइरांग येथे आझाद हिंद सेनेचा ध्वज फडकाविला. या सेनेच्या गांधी ब्रिगेडने पालेल विमानतळावर चालून जाण्याचा प्रयत्न केला. एकाच धावपट्टीच्या रक्षणासाठी आणि ती जिंकण्यासाठी भारतीय रक्त सांडावे, ही पारतंत्र्याची शोकांतिका होती.

२२ जून रोजी कोहिमा रस्त्यावरील १०९ व्या मैलाच्या दगडाजवळ दोन्हीकडच्या फौजा भेटल्या आणि वेढा उठला. तीन आठवड्यांच्या शिध्यावर आलेली जपानी सेना जुलैमध्ये माघारी फिरली. परतीच्या वाटेवर गोळीइतक्याच निर्दयपणे भूक आणि रोग यांनी तिचा संहार केला.

भूमीचे पुढे काय झाले ?

युद्ध संपले आणि सैन्ये निघून गेली. सहा विमानतळांपैकी तुलिहालचे भाग्य उजळले. राज्याचा नागरी विमानतळ तेथेच विकसित झाला आणि आज तो बीर टिकेंद्रजित यांच्या नावाने ओळखला जातो. कोइरेंगेईची धावपट्टी मात्र युद्धाची खूण म्हणून मागे राहिली. इंफाळमध्ये युद्धातील मृतांची दोन स्मशानस्थळे जतन केली आहेत. त्यांपैकी एक भारतीय सैनिकांचे असून हिंदू व शीख जवानांसाठी तेथे दहन-स्मारक आहे. रेड हिल या लढाईच्या जागी २०१९ मध्ये शांतता संग्रहालय सुरू झाले. सैनिकांच्या स्मृतीची काही व्यवस्था अशा रीतीने झाली आहे. ज्यांच्या भातखाचरांतून रणगाडे गेले आणि ज्यांची खेडी लढाईत उद्ध्वस्त झाली, त्या गावकऱ्यांच्या आठवणी मात्र बहुतांशी तोंडीच राहिल्या. ते दिवस पाहिलेली पिढी आता जवळजवळ काळाच्या पडद्याआड गेली आहे.

आपल्यासाठी बोध

कोइरेंगेईच्या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली प्रशासनाची आहे. संकट आल्यावर धावपट्टी बांधता येत नाही. ती आधीच सिद्ध असावी लागते आणि तिच्यावर काय, किती व कोणत्या क्रमाने उतरावयाचे याचा हिशेबही तयार असावा लागतो. पूर, भूकंप किंवा दुष्काळ यांत अलग पडलेल्या गावाला हाच नियम लागू आहे. पर्यायी रस्ता, धान्याचा साठा आणि वृद्ध व आजाऱ्यांची यादी ही गावाची धावपट्टीच होय.

दुसरी गोष्ट स्मृतीची आहे. मराठा पलटणींतील जवान सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा भागांतील खेड्यांतूनच गेले होते. पहिल्या महायुद्धाला गावातून किती जण गेले हे सांगणारे दगडी फलक आपल्याकडे काही गावांत आजही दिसतात. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची अशी नोंद क्वचितच आढळते. घरोघरी जपलेली पदके, सेवापुस्तिका आणि पत्रे यांची सूची शाळेच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी आणि ग्रामपंचायतीने ती आपल्या दप्तरी ठेवावी. यास खर्च फारसा येणार नाही. मात्र ट्रंकेतील कागद विरून जाण्यापूर्वी हे काम हाती घेतले पाहिजे.