सुटकेस घरी ठेव, मने

ये, बस इथं. दार लोटून घे, नाहीतर तुझी काकू मधेच भाकरी थापायला बोलवेल. काल उपासनेनंतर पाळकसाहेबांनी कार निकोबारला जाणाऱ्यांची नावं वाचली, तुझं नाव आलं, आणि तुझा चेहरा असा फुलला की मला माझीच आठवण झाली. म्हणून म्हटलं, निघायच्या आधी हिला चार गोष्टी सांगाव्यात. मला कुणी सांगितल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट पासाची. निकोबारला हौस म्हणून फिरायला जाता येत नाही. तिथल्या जमातींच्या संरक्षणासाठी १९५६ चा नियम आहे, आणि तुझ्यामाझ्यासारख्या भारतीयांनाही तिथं पाऊल टाकायला पास लागतो. तो हातात पडेपर्यंत स्टेटस टाकू नकोस. पास मिळाला तरी पुढे समुद्र आहेच. मी गेले तेव्हा पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला, पाच दिवस नुसती बसून होते, कारण हवा बिघडली आणि जहाजच सुटेना. परतीच्या तारखेला चिकटून कुणाचा साखरपुडा ठेवू नका रे बाबांनो.

आणि परवा युवक संघात तो पोरगा काय बोलला, ऐकलंस ना? नॉर्थ सेंटिनलचं? २०१८ च्या नोव्हेंबरात जॉन अॅलन चाऊ नावाचा अमेरिकन तरुण कायदा मोडून त्या बेटावर गेला आणि जिवाला मुकला. आपला पोरगा त्याला हुतात्मा म्हणत होता. मला नाही पटत, मने. ज्यांच्या अंगात आपल्या साध्या सर्दीखोकल्याशी झुंजायची ताकद नाही, ज्यांनी येऊ नका म्हणून बाण रोखलेत, त्यांच्या किनाऱ्यावर न विचारता उतरायचं, ही कसली प्रीती? त्या नादाला तुमच्यातलं कुणी लागू नका.

कार निकोबारचं सगळंच वेगळं. तिथं तू सुवार्ता घेऊन जात नाहीयेस, ती तुझ्या आजोबांच्या जन्माआधीच पोचली. वेदप्पन सॉलोमन नावाचे तमिळ गुरुजी होते, त्यांच्या हाताखाली शिकलेला तिथलाच एक निकोबारी मुलगा पुढे बिशप जॉन रिचर्डसन झाला. ब्रह्मदेशात शिकून आला, पोरांना शिकवलं, नवा करार निकोबारीत आणला. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत अंदमान-निकोबारचे सभासद म्हणून राष्ट्रपतींनी त्यांनाच नेमलं होतं. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया एकत्र आली, त्यात आपण आलो तसे तेही आले. तेव्हा तू सख्ख्या नात्यात पाहुणी निघालीस असं समज. शिकवायला निघाल्याचा तोरा नको.

हसतेस काय? तोरा माझ्यातच होता. नर्स ना मी! हात कसे धुवावेत याची मोठाली चित्रं गुंडाळी करून नेली होती. पहिल्या सकाळी उठून बघते तर अंगण असं झाडलेलं की आपल्या वस्तीनं लाजावं. ती गुंडाळी मी दहा दिवस पलंगाखालून काढलीच नाही. तुमचा तो बाहुल्यांचा खेळ आहे ना स्वच्छतेवरचा, तो जरा गुंडाळून ठेवा. त्यापेक्षा इथून विचारून घ्या, त्यांना काय हवंय. मला तिथं एका बाईनं विचारलं, रक्तदाब मोजायचं यंत्र आम्हाला वापरायला शिकवशील का? माझ्या सगळ्या चित्रांपेक्षा त्या अर्ध्या तासाचा उपयोग झाला.

आता नीट ऐक, हे सगळ्यांत महत्त्वाचं. तिथं तुहेत असतं. तुहेत म्हणजे आपल्याकडचं खटलं गं, एकत्र मोठं. नारळाची झाडं, डुकरं, जमीन, सगळं खटल्याचं. २६ डिसेंबर २००४ ला, ख्रिसमसच्या दुसऱ्याच सकाळी, त्सुनामी आली. त्यानंतर मदतीचा नुसता पूर आला. पैसे वाटले ते नवरा-बायको-पोरं अशा छोट्या कुटुंबांना. देणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. पण एका खटल्याच्या चार चुली व्हायला तेवढं पुरलं. समुद्रानं घरं नेली, मदतीनं खटली मोडली. म्हणून सांगते, एखादं पोरगं गोड हसलं म्हणून त्याच्या हातात चॉकलेटची पिशवी नाहीतर पाचशेची नोट ठेवू नकोस. गावाला कॅप्टन असतो, आपल्या सरपंचासारखा. जे काही द्यायचं ते त्याला नाहीतर तुहेतच्या कर्त्याला विचारून. आणि जुने कपडे अजिबात नको! मी एक सुटकेस भरून नेले होते. कुणी नको म्हटलं नाही, हसून घेतले, आणि निघायच्या दिवशी मला ते कोपऱ्यात घडी न मोडता ठेवलेले दिसले.

त्या लाटेबद्दल आपणहून विचारू नकोस. सांगायचं असेल तर तेच सांगतील, बहुधा रात्री, दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीच्या मधे. तेव्हा देवाची इच्छा वगैरे काही बोलू नकोस. ऐकून घे.

बाकी बारीकसारीक. मलेरियाचं डॉक्टरांना आधी विचार, मच्छरदाणी ने. घड्याळ तेच असतं पण सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून आधी उगवतो आणि आधीच मावळतो, त्यामुळे सकाळी नऊला उठशील तर अर्धा दिवस गेलेला असेल. जेवायला केवड्याच्या कुळातल्या एका मोठ्या फळाचा शिजवून मळलेला गर वाढतील. पहिल्या घासाला तोंड वाकडं करू नकोस, तिसऱ्याला आवडतो. डुकराचं मटण तर असतंच. त्यांच्या नावेला होडीच म्हणतात, खरंच! मला ते ऐकून उगीचच घरी आल्यासारखं वाटलं होतं. आणि गाणी पाठ करून जा. चार-चार आवाजांत गातात ती माणसं, आपण ‘उपासना संगीत’ उघडून पान शोधेपर्यंत त्यांची दोन कडवी होतात. रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन म्हणून दाखव. मी म्हटलं, तर दुसऱ्या रविवारी त्यांनी ते माझ्यापेक्षा सुरात म्हटलं.

राहता राहिलं जहाज. रात्रभराचा प्रवास, आणि मधे टेन डिग्री चॅनेल. तिथं पाणी असं उसळतं की भली भली माणसं लोटांगण घालतात. रिकाम्या पोटी बसू नकोस, तुडुंब जेवूनही नको. ती लाल सुटकेस घरी ठेव, माझी जुनी पाठीवरची सॅक घेऊन जा, चेन जरा अडकते पण मेण लावलं की चालते. शनिवारी ये न्यायला. आलेपाक मी तोवर करून ठेवते. वरच्या कप्प्यातच ठेवीन, अंधारात हाताला लागेल असा.