पडद्यावरची तिरपी रेघ

पट्टी आणि पेन्सिल घेऊन कोऱ्या कागदावर तिरपी रेघ ओढणे कोणालाही जमते. पट्टी ठेवली, पेन्सिल फिरवली की रेघ तयार! संगणकाला मात्र रेघ अशी ओढता येत नाही. त्याचा पडदा कोऱ्या कागदासारखा नसतो. तो तुमच्या गणिताच्या चौकटींच्या वहीसारखा बारीक बारीक घरांचा बनलेला असतो. या प्रत्येक घराला पिक्सेल म्हणतात. एका वेळी एका घरात एकच रंग भरता येतो. अर्धे घर काळे आणि अर्धे पांढरे, असे करता येत नाही.

आडवी रेघ हवी असेल तर एका ओळीतील घरे काळी करत जायचे. उभी रेघही तशीच. पण तिरपी रेघ घरांच्या रांगा ओलांडत जाते. कोणते घर काळे करायचे आणि कोणते सोडायचे? कसेही केले तरी रेघेला पायऱ्या पडतात. दोसुती कापडावर फुलीच्या टाक्याने वेलबुट्टी भरणाऱ्या मुलींना हे चांगले माहीत आहे. तिथे तिरपा देठसुद्धा पायरी-पायरीनेच चढतो.

उर्दू वाचणाऱ्यांना ही अडचण जास्त जाणवते. देवनागरीची शिरोरेखा आडवी असते, त्यामुळे तिला पायऱ्या पडत नाहीत. नस्तालीकमधील शब्द मात्र उजवीकडून डावीकडे येताना खाली उतरत येतो. त्यात सरळ आडवे असे फार थोडे असते. कातिब अक्षराची लांबी नुक्त्याच्या मापाने ठरवतात, पण अक्षर लिहितात ते कलमाच्या एका सलग ओढीने. संगणकाला सबंध अक्षरच ठिपक्यांनी भरावे लागते.

तर मग घरे निवडायची कशी? या प्रश्नाचे फार सुंदर उत्तर जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ साली शोधले. ते अमेरिकेत आय. बी. एम. या कंपनीत काम करत होते. तिथे संगणकाला जोडलेले एक आलेखन यंत्र होते. कागदावर पेन फिरवून ते चित्र काढत असे. पण पेन एका वेळी एकच बारीक पाऊल टाकू शकत होते, तेही आडवे, उभे किंवा कोनाकडे तिरपे. म्हणजे तिथेही घरांचाच प्रश्न. त्या काळच्या संगणकांना भागाकाराला फार वेळ लागे. ब्रेसनहॅम यांच्या रीतीत प्रत्येक पावलाला फक्त बेरीज, वजाबाकी आणि लहान-मोठे ओळखणे एवढेच लागते. त्यांचा लेख १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही रीत आपण वहीत करून पाहू. शेजारी-शेजारी आठ उभे रकाने घ्या. पहिल्या रकान्यातील सर्वांत खालच्या घराच्या मध्यापासून आठव्या रकान्यातील तिसऱ्या घराच्या मध्यापर्यंत पट्टीने रेघ ओढा. घरे खालून मोजायची. या रेघेत पावले झाली सात आणि चढ झाला दोन घरांचा. आता एका घराच्या उंचीचे १४ भाग मानू. दोन घरांचे २८ भाग. म्हणून प्रत्येक पावलाला रेघ ४ भाग वर चढते. अर्धे घर म्हणजे ७ भाग. नियम एवढाच की, घराच्या मध्यापासून रेघ ७ भागांपेक्षा जास्त वर गेली तर वरचे घर घ्यायचे आणि हिशेबातून १४ वजा करायचे.

पहिल्या रकान्यात हिशेब शून्य. दुसऱ्यात ४, घर खालचेच. तिसऱ्यात ८ झाले. ८ हे ७ पेक्षा जास्त, म्हणून वरच्या घरात जा आणि १४ वजा करा. उरले उणे ६, म्हणजे रेघ या नव्या घराच्या मध्याखाली ६ भागांवर आहे. पुढे उणे २, मग २, मग ६. तोपर्यंत घर बदलत नाही. सातव्या रकान्यात १० होतात. पुन्हा वर चढा, १४ वजा करा. उरले उणे ४. आठव्या रकान्यात चार मिळवले की हिशेब शून्य! रेघ बरोबर ठरलेल्या घरात पोहोचली. कुठेही अपूर्णांक आला नाही. घराचे सातऐवजी १४ भाग का केले, हे आता तुम्हीच ओळखा.

रेघ योग्य जागी पडली, पण पायऱ्या राहिल्याच. खाली दोन घरे, मध्ये चार, वर दोन. त्या घालवायच्या कशा? त्यासाठी काळ्या आणि पांढऱ्याच्या मधले करडे रंग उपयोगी पडले. करड्या छटा वापरण्याची कल्पना आधीपासून होती, पण तिला वेळ लागे. शाओलिन वू यांनी १९९१ मध्ये तिची झटपट होणारी रीत मांडली. तिच्यात एका घराची निवड करायची नाही. रेघ ज्या दोन घरांच्या मध्यांमधून जाते, त्या दोघांत शाई वाटून द्यायची. आपल्या दुसऱ्या रकान्यात रेघ पहिल्या घराच्या मध्यापासून ४ भाग वर आहे. म्हणून खालच्या घराला १० भाग शाई आणि वरच्याला ४ भाग. तिसऱ्या रकान्यात खालच्याला ६, वरच्याला ८. ज्या घराला रेघ जवळ, त्याचा वाटा मोठा. दोघांची बेरीज मात्र नेहमी १४.

पेन्सिल हलकी-गडद दाबून ही घरे भरा आणि वही भिंतीला टेकवून दूर उभे राहा. पायऱ्या मावळतात. करडी घरे तिथेच असतात, पण डोळा त्यांना वेगवेगळे न पाहता एक सलग रेघ म्हणून पाहतो.

यात एक तोटाही आहे. रेघ गुळगुळीत होते, पण थोडी पुसट दिसते. म्हणून ज्या नकाशात किंवा आराखड्यात प्रत्येक रेघ ठसठशीत हवी, तिथे माझ्या मते पायऱ्यांची रेघच बरी. वक्र रेघेचे काय, असे तुम्ही विचाराल. वक्र रेघ बहुधा लहान-लहान सरळ रेघा जोडून काढतात, त्यामुळे हीच युक्ती तिथेही चालते. आजच्या मोबाइलच्या पडद्यावरील घरे इतकी बारीक असतात की, पायऱ्या सहज दिसत नाहीत. तरीही अक्षरांच्या कडांना करड्या छटा देतात. शाळेच्या संगणकावर उर्दू मजकुराचे चित्र उघडा आणि ते खूप मोठे करून ‘बे’च्या कडेला पाहा.

स्वाध्याय

१. आडव्या व उभ्या रेघेला पायऱ्या का पडत नाहीत?
२. वरील रेघेत पाचव्या रकान्यातील दोन घरांना शाईचे किती किती भाग मिळतील?
३. आठ रकाने तेच ठेवून रेघ चौथ्या घरापर्यंत न्या. दोन्ही रीतींनी घरे भरा आणि हिशेब लिहा.
४. ‘पायरी-पायरीने’, ‘बारीक बारीक’ यांसारखे आणखी चार शब्द लिहून वाक्यांत वापरा.